पट्टी बांधून पंगतीला बसताना : गोव्यातील मंडळांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठी घरातल्या ताटाला एक ठरलेला नकाशा असतो. मीठ वर मध्यभागी, त्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी, उसळ आणि आमटीची वाटी, आणि खाली जेवणाऱ्याच्या पुढ्यात भाताची मूद. लहानपणी वाढायला शिकताना चटणी उजवीकडे पडली की आजी रागवायची, आणि त्या रागामागे नुसत्या शिस्तीपलीकडे काही कारण असेल असे मला कित्येक वर्षे वाटले नव्हते. पुढे फोंडा तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या मंडळाने डोळ्यांवर पट्टी बांधून जेवण्याचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा आमचे दृष्टिहीन मार्गदर्शक, जे स्वतः निवृत्त शिक्षक आहेत, ताटावरून एकदाच बोटे फिरवून म्हणाले, "वाढणारा जुन्या वळणाचा दिसतो. मला काही विचारावे लागले नाही."

तो कार्यक्रम आम्ही आतापर्यंत तीन वेळा केला आहे. पहिला फसला. तो कसा फसला हे आधी सांगणे इष्ट, कारण बहुतेक मंडळे प्रथम नेमके तेच करतील. आम्ही चाळीस माणसे बोलावली, पट्ट्या बांधल्या, वाढले, अर्ध्या तासाने पट्ट्या सोडल्या आणि 'कसे वाटले?' असे विचारले. आमटी सांडलेली, भात मांडीवर, दोघींच्या डोळ्यांत पाणी, आणि जो बोलायला उठला तो 'देवाने आपल्याला डोळे दिले हे केवढे भाग्य' असे म्हणून बसला. मार्गदर्शकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि परतताना गाडीत मला म्हणाले, "बाई, तुमच्या लोकांनी माझा पहिला आठवडा बघितला. मी त्यानंतर तीस वर्षे जेवतो आहे."

त्यांचे म्हणणे अभ्यासानेही खरे ठरवले आहे. एरिएल सिल्व्हरमन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की पट्टी बांधून काही कामे करून पाहिलेल्या डोळस व्यक्ती, तसे न केलेल्यांच्या तुलनेत, दृष्टिहीन माणसांना नोकरी करण्यास आणि स्वतंत्रपणे राहण्यास कमी सक्षम समजू लागल्या. सहानुभूती वाढली, पण तिच्याबरोबर कमी लेखणेही वाढले. कारण उघड आहे : पट्टी बांधलेला माणूस नवखा असतो, त्याला काहीच शिकवलेले नसते, आणि आपल्या नवखेपणाची फजिती तो अंधत्वाच्या खाती मांडून मोकळा होतो. तेव्हा हा कार्यक्रम करायचा असेल तर त्यात शिकवणी हवीच. आधी थोडी फजिती, मग दृष्टिहीन शिक्षकाकडून धडा, आणि मग तेच काम पुन्हा, या क्रमाने आम्ही दुसऱ्या वेळी सगळे नव्याने बांधले. पुढील सर्व सूचना त्या बांधणीवर आधारलेल्या आहेत.

या कल्पनेचा उगम थोडक्यात सांगते. आंद्रेआस हाइनेके यांनी १९८८ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे संपूर्ण काळोखातील प्रदर्शन सुरू केले, त्यात दृष्टिहीन मार्गदर्शक डोळसांना हाताला धरून फिरवीत. झुरिकमध्ये योर्ग श्पीलमान या दृष्टिहीन धर्मोपदेशकांच्या घरी जेवायला येणारे पाहुणे यजमानाशी बरोबरी म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधत, आणि त्यातून १९९९ साली तेथे काळोखातले उपाहारगृह उघडले. त्याचे नाव 'ब्लिंडेकू', म्हणजे शब्दशः 'आंधळी गाय', आणि ते आहे जर्मन मुलांच्या एका खेळाचे नाव. त्याच खेळाला आपण आंधळी कोशिंबीर म्हणतो. जेवणाच्या पानातला पदार्थ आपल्या खेळाच्या नावात कसा शिरला कोण जाणे, पण या कार्यक्रमाला याहून चपखल मराठी नाव सापडणार नाही. पॅरिसमध्ये असे उपाहारगृह २००४ साली आले आणि भारतात हैदराबादेतही काळोखातले प्रदर्शन आणि त्याला जोडून भोजनगृह झाले. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हापासून दिव्यांगत्वाविषयी गावोगावी बोलणे वाढले आहे आणि मंडळांना असे काही करावेसे वाटू लागले आहे.

मार्गदर्शक आधी, तारीख नंतर

कार्यक्रमाची तारीख ठरवून मग 'कोणी अंध व्यक्ती मिळेल का' असा शोध घेणे ही उलटी रीत आहे. प्रथम दोन किंवा तीन प्रौढ दृष्टिहीन मार्गदर्शक ठरवावेत आणि तारीख त्यांच्या सोयीने घ्यावी. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, हिची गोवा शाखा आणि ढवळी येथील लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांकडे विचारणा केल्यास माणसे भेटतात. शाळकरी मुलांना मात्र बोलावू नये. तीस मोठ्या माणसांसमोर मुलाने आपल्या अंधत्वाची प्रात्यक्षिके करून दाखवणे हे शिक्षण नव्हे, आणि ते मूल नकारही देऊ शकत नाही.

मार्गदर्शकाला मानधन द्यावे, आणि ते एरवी व्याख्यात्याला देता तेवढेच असावे. शाल आणि नारळ यांनी मानधनाची भरपाई होत नाही. त्यांना घरून आणण्याची आणि परत सोडण्याची व्यवस्था मंडळाची असावी, कारण गोव्यातील खाजगी बसगाड्या संध्याकाळनंतर विरळ होतात हे आपल्याला माहीत आहे, आणि जी अडचण डोळस माणसाला होते ती गाडी चालवू न शकणाऱ्याला दुप्पट होते. कोणते प्रश्न विचारलेले चालतील आणि कोणते नाहीत हेही त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे. आमच्या एका मार्गदर्शक भगिनींनी 'दृष्टी कशी गेली' या प्रश्नाला साफ मनाई केली होती आणि बाकी काहीही विचारा असे सांगितले होते.

शब्दांविषयी फार घाबरून जाण्याचे कारण नाही. कायद्यात अंध आणि अल्पदृष्टी हे शब्द आहेत, सरकारी व्यवहारात दिव्यांग रूढ झाला आहे, आणि दृष्टिहीन हा शब्द बहुतेकांना चालतो. समोरच्या व्यक्तीला कोणता आवडतो ते तिलाच विचारावे. 'बघा', 'दिसतो', 'काल क्रिकेट पाहिले का' हे बोलणे टाळू नये, कारण दृष्टिहीन माणसे स्वतः तसेच बोलतात. टाळायचे ते 'बिचारे', आणि 'आंधळं दळतं' छापाच्या म्हणी, ज्या आपल्या तोंडी इतक्या बसल्या आहेत की सूत्रसंचालक भाषणाच्या भरात एखादी हमखास टाकतो. आमच्याकडे टाकलीच.

जागा, वेळ आणि आवाज

संख्या सोळा ते वीस यांपलीकडे जाऊ देऊ नये. चार-पाच जणांचे एक टेबल, दर दोन टेबलांमागे एक दृष्टिहीन मार्गदर्शक आणि दर टेबलामागे एक डोळस मदतनीस असे प्रमाण आम्हाला जमले. संपूर्ण काळोख करण्याच्या फंदात पडू नये. खिडक्यांना काळे कापड लावलेल्या सभागृहात गरम वाढप करणे, आणि काही घडले तर माणसे बाहेर काढणे, हे घरगुती मंडळाच्या आवाक्यातले काम नाही. पट्टीचा फायदा असा की मदतनिसाला सर्व दिसते आणि सहभागी व्यक्ती हवे त्या क्षणी ती सोडू शकते.

जागा निवडताना आपण प्रकाश, पंखे आणि पार्किंग पाहतो. येथे आधी आवाज ऐकावा. डोळसाला जसे धुके, तसा दृष्टिहीनाला गोंगाट असतो, कारण कोण कुठे आहे, दार उघडले की मिटले, भांडे कोठे ठेवले, ही सारी माहिती त्याला कानांतून मिळते. जून ते सप्टेंबर या काळात पत्र्याच्या छपराखाली हा कार्यक्रम करूच नये. पाऊस कोसळू लागला की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. उंच छताची, फरशीची रिकामी सभागृहेही घुमतात. त्यापेक्षा पुस्तकांच्या कपाटांनी भरलेली वाचनालयाची खोली बरी. मागे गाणी लावू नयेत, आणि घरघरणारा पंखा असलाच तर तो बंद करून घामाची तयारी ठेवावी. शक्यतो रविवारी सकाळी साडेनऊ ते दीड असा वेळ ठेवावा.

पट्टी

पट्टी सुती, दुहेरी कापडाची आणि चार बोटे रुंद असावी. ती घट्ट आवळण्यापेक्षा आत डोळ्यांच्या खळग्यांवर कापसाच्या हलक्या घड्या ठेवाव्यात, म्हणजे बुबुळावर दाब येत नाही आणि नाकाजवळच्या फटीतून उजेडही शिरत नाही. त्या फटीतून ताट दिसते, आणि मग माणूस मान मागे टाकून चोरून बघत राहतो. प्रत्येकाची पट्टी स्वतंत्र, गरम पाण्यात धुतलेली आणि उन्हात वाळवलेली हवी. डोळे येण्याची साथ चालू असेल तर कार्यक्रम पुढे ढकलावा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायला सांगावे. डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी आणि कोंडल्यासारखे वाटून घाबरणाऱ्यांनी पट्टी न बांधता मदतनीस व्हावे. हात वर केला की पट्टी सोडायची, त्यावर कोणी काही बोलायचे नाही, हा नियम सुरुवातीलाच जाहीर करावा.

सर्वांना काळी पट्टी बांधणे मात्र चुकीचे चित्र देते. कायद्याने अंध ठरणाऱ्या पुष्कळ व्यक्तींना उजेड, सावली, हालचाल किंवा त्याहूनही अधिक काही दिसत असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निकोप डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारी गोष्ट ३ मीटरवरूनही दिसत नसेल, किंवा दृष्टीचे क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व होय. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश व्यापते. जगातले तेवढेच दिसते आणि बाकी काही नाही अशी कल्पना करावी. असा माणूस वर्तमानपत्र वाचू शकतो आणि पायाजवळच्या स्टुलाला अडखळतो, आणि मग लोक त्याला ढोंगी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद दृष्टीच्या दिव्यांगत्वाखाली झाली होती, आणि वाढत्या वयात दृष्टी जाण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आहे, जो शस्त्रक्रियेने बरा होतो.

म्हणून वीस जणांत चार-पाच जणांना पट्टीऐवजी जुन्या चष्म्याच्या चौकटी द्याव्यात. काहींच्या काचांवर बटर पेपर चिकटवावा, म्हणजे पिकलेल्या मोतीबिंदूसारखे धुरकट दिसते. काहींवर काळा कागद लावून मध्ये टाचणीच्या टोकापेक्षा थोडे मोठे छिद्र पाडावे, म्हणजे काचबिंदूच्या पुढच्या अवस्थेत उरते तशी अरुंद दृष्टी कळते. बटर पेपरवाल्यांना पांढऱ्या ताटात पांढरा भात सापडत नाही आणि केळीच्या पानावर तोच चटकन सापडतो. घरात अल्पदृष्टीचे आजोबा असतील तर या एका निरीक्षणासाठीसुद्धा हा खटाटोप करावा.

पदार्थ

पदार्थ दोन वेळचे लागतात. सकाळी पहिल्या फेरीत पातळभाजी, पाव आणि चहा पुरे. पाव फोडून बुडवायचा, वाटी हलती, पेल्यात चहा, म्हणजे नवख्याची जी काही त्रेधा उडायची ती येथे उडते आणि कपड्यांचे फार नुकसान होत नाही. चहा कोमट असावा, पेला पाऊणच भरावा.

दुपारच्या जेवणात आम्ही उकडा भात, वरण, खतखते, मुगागाठी, पापड, लोणचे, सोलकढी आणि मणगणे ठेवतो. मासे खाणाऱ्यांना तळलेली इसवण, म्हणजे सुरमई. उकड्या तांदळाचा भात सुटा असल्यामुळे नवख्याच्या बोटांतून निसटतो, तेव्हा वरण जरा दाट ठेवावे. खतखते हा तर या कार्यक्रमासाठीच जन्मलेला पदार्थ आहे. शेवग्याची शेंग, कणसाचा गोल तुकडा, सुरण, रताळे, कच्चे केळे हे सारे बोटांना वेगवेगळे लागते आणि मागून तिरफळाने जिभेला झिणझिण्या येतात. तिरफळ चावून गिळायचे नाही हे आधी सांगावे. गावातल्या माणसाला ते ठाऊक असते, मुंबईहून आलेल्या भाच्याला नसते.

सोलकढीचा गुलाबी रंग न दिसता ती प्यायली की तिचा आंबटपणा आणि लसणाचा वास वेगळाच पुढे येतो. रंगाने चव कशी फसते याचा एक मासलेवाईक प्रयोग फ्रान्समधील बोर्दो येथे झाला होता, २००१ साली तो प्रसिद्ध झाला. ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला, आणि द्राक्षमद्याचे शास्त्र शिकणाऱ्या त्या मंडळींनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. तरीही चवीची ही गंमत कार्यक्रमात दुय्यम ठेवावी. 'डोळे मिटले की चव वाढते' एवढेच घेऊन माणसे घरी गेली तर ती खानावळीला अभिप्राय देऊन गेली असे समजावे.

काट्याच्या माशाविषयी स्पष्ट नियम असावा : पट्टी बांधलेल्याला बांगडा, तारले द्यायचे नाहीत. घशात काटा अडकणे ही थट्टा नव्हे. इसवणीच्या तुकडीत मधला काटा मोठा आणि हाताला लागणारा असतो, ती चालते. बांगडा मार्गदर्शकांना वाढावा आणि तो ते कसा सोडवतात हे पट्टी काढून सर्वांनी पाहावे. आमचे गुरुजी, म्हणजे ते निवृत्त शिक्षक मार्गदर्शक, अंगठ्याने पाठीच्या रेषेतून मांस सोडवतात, कणा शेपटीकडून एका ओढीत उचलतात आणि मग पोटाकडचे बारीक काटे बोटांच्या अग्रांनी वेचतात. ते पाहताना ध्यानात येते की आपणही हेच करतो; काटा डोळ्यांनी शोधणारा गोंयकार मी तरी पाहिलेला नाही. कोणाला सुंगटे, तिसऱ्या किंवा काजू बाधतात का याची चौकशी आदल्या दिवशीच करावी, कारण समोर काय आले आहे हे जेवणाऱ्याला दिसणार नाही.

पहिली फेरी

माणसांना दारातच पट्ट्या बांधाव्यात आणि आत आणताना योग्य रीतीने आणावे. दृष्टिहीन व्यक्तीचा दंड धरून तिला पुढे ढकलणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. नेणाऱ्याने आपले कोपर पुढे करावे, दुसऱ्याने ते कोपराच्या किंचित वर धरावे आणि अर्धे पाऊल मागून चालावे, म्हणजे नेणाऱ्याच्या शरीराची प्रत्येक हालचाल, वळण आणि पायरी मागच्याला हातातून कळते. अरुंद जागेत नेणाऱ्याने आपला हात पाठीमागे घ्यावा, मागचा आपोआप मागे सरतो. खुर्चीपाशी आल्यावर खांदे दाबून बसवू नये, धरलेल्या हाताने खुर्चीची पाठ दाखवावी, बसणारा स्वतः बसतो.

मग काहीही न शिकवता पातळभाजी आणि पाव ठेवावा आणि दहा मिनिटे माणसांना त्यांच्यावर सोडावे. मदतनिसांनी फक्त पाहावे आणि मनात नोंद घ्यावी. प्रथम सगळे मोठ्याने बोलू लागतात. मग एकाच वेळी दोघे बोलतात आणि दोघे थांबतात, कारण बोलण्याची पाळी आपण एरवी नजरेने ठरवतो. माना डोलावल्या जातात आणि उत्तर न मिळाल्याने प्रश्न पुन्हा विचारला जातो. काही जण पाचव्या मिनिटाला गप्प होतात, आणि ती गप्प माणसेच पुढील चर्चेत सर्वांत मोलाचे सांगतात.

शिकवणी

आता पट्ट्या सोडाव्यात आणि सूत्रे पूर्णपणे दृष्टिहीन मार्गदर्शकांकडे द्यावीत. मंडळाच्या अध्यक्षांनी या वेळी भाषण करू नये. शिकवणीला तीस ते चाळीस मिनिटे लागतात, आणि सर्व कार्यक्रमात हाच भाग कापू नये.

आमचे मार्गदर्शक प्रथम हात शिकवतात. टेबलाची कड शोधायची, मग बोटे किंचित आत वळवून, हाताची मागची बाजू पुढे ठेवून, पृष्ठभागाला घासत पुढे जायचे. हवेतून हात नेला की पेला पडतो, पृष्ठभागावरून नेला की पेल्याचा तळ लागतो. ताट सापडले की दोन्ही हातांनी त्याची गोल कड धरायची आणि ते आपल्यासमोर सरळ आहे याची खात्री करायची, कारण ताट फिरले की नकाशाही फिरतो. पाणी ओतताना पेला टेबलावर ठेवावा, एक बोट कडेच्या आत टेकवावे आणि ओतताना आवाज ऐकावा. पेला भरत येतो तसा आवाज बारीक, चढा होत जातो. हे ऐकणे डोळस माणसालाही पाच वेळा करून साधते. दृष्टिहीनांना सहावे इंद्रिय असते ही समजूत येथे गळून पडते. कान, नाक आणि त्वचा तीच असतात, त्यांच्याकडे रोज लक्ष दिलेले असते. मेंदूही या सरावाने बदलतो : लहानपणापासून दृष्टिहीन असलेल्या व्यक्ती ब्रेल वाचताना मेंदूचा एरवी दृष्टीसाठी वापरला जाणारा भाग कामाला लागतो, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते.

त्यानंतर ताटाचा नकाशा. जगभर घड्याळाची पद्धत चालते : भात सहावर, भाजी तीनवर, मीठ बारावर, चटणी नऊवर असे सांगायचे. आपल्या पिढीला काट्यांचे घड्याळ माहीत असल्याने ती सोपी जाते. मात्र जुन्या वळणाच्या दृष्टिहीन व्यक्तीला डावी-उजवी बाजू रीतीप्रमाणे वाढली तर एवढेही सांगावे लागत नाही, आणि हाताने जेवण्याची आपली सवय तर काटा-चमच्याच्या जेवणापेक्षा कितीतरी सोयीची आहे. पाश्चात्त्य उपाहारगृहात पट्टी बांधलेला माणूस काट्याला काय लागले याचा अंदाज बांधत बसतो. आपली बोटे आधीच ताटात असतात.

शेवटी वाढण्याची शिकवणी, आणि ती मदतनिसांसाठी अधिक. जवळ येताच आपले नाव सांगावे. 'ओळखा पाहू मी कोण?' हा विनोद दृष्टिहीन व्यक्तींना आयुष्यभर छळतो, तो कोणीही करू नये. पदार्थाचे नाव उच्चारावे, किती वाढू ते विचारावे, कोठे वाढले ते सांगावे. न विचारता भात कालवून देऊ नये, पेला जागचा हलवू नये, हलवलाच तर बोलावे. प्रश्न थेट त्या व्यक्तीला विचारावा; शेजारी बसलेल्या पत्नीला 'यांना आणखी कढी हवी का?' असे विचारणे ही आमच्या मदतनिसांची सर्वांत चिवट सवय निघाली. आणि उठून जाताना 'मी जातो' एवढे सांगूनच जावे, नाहीतर समोरचा माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

दुसरी फेरी

पट्ट्या पुन्हा बांधाव्यात आणि पूर्ण जेवण वाढावे. या वेळी वाढपी बोलून वाढतात, ताटे रीतीप्रमाणे लागलेली असतात आणि जेवणाऱ्यांना हात कसा न्यायचा हे माहीत असते. चित्र सकाळपेक्षा इतके निराळे असते की पाहणाऱ्यालाही नवल वाटते. आवाज खाली येतात, वरण भातातच पडते, पापड मोडल्याच्या आवाजावरून शेजारच्याच्या ताटात पापड आला हे ओळखले जाते, आणि विसाव्या मिनिटाला पंगतीत नेहमीच्या गप्पा, म्हणजे कोणाच्या मुलीचे लग्न आणि कोणाच्या कुळागरातल्या सुपाऱ्या, सुरू होतात. आंधळेपण हा विषय मागे पडतो. हा क्षण येईपर्यंत पट्टी सोडू देऊ नये, अर्थात हात वर केला नसेल तर. थोडा घास सांडणारच, त्यासाठी प्रत्येकाच्या मांडीवर पंचा द्यावा.

पट्टी सोडल्यावर

पडदे अर्धे ओढून घ्यावेत, नाहीतर दुपारच्या उन्हाने डोळे दिपतात. चर्चेत पहिले बोलणे मार्गदर्शकांचे असावे. 'कसे वाटले?' हा प्रश्न गाळावा, त्याला अश्रूंशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी सकाळी जे जमले नाही ते दुपारी कशामुळे जमले, ताट वाढणाऱ्याची कोणती कृती उपयोगी पडली आणि कोणती आड आली, हे विचारावे. बटर पेपरच्या आणि छिद्राच्या चष्म्यांना स्वतंत्र बोलू द्यावे, त्यांचा अनुभव काळ्या पट्टीवाल्यांच्या गर्दीत हरवतो. कोणी 'तुमच्याबद्दल खूप आदर वाटला' म्हणालेच तर आमचे गुरुजी विचारतात, "जेवलो म्हणून?" मग हशा होतो आणि चर्चा वळणावर येते.

ती वळणावर आली की गावाकडे न्यावी. गोव्यातल्या लग्नात आता सर्रास बुफे असतो, आणि दृष्टिहीन पाहुण्याला त्याइतकी गैरसोयीची दुसरी व्यवस्था नाही : रांग, हातात ताट, झाकलेली भांडी, आणि बसायला कोठे जायचे हे कोणी सांगत नाही. अशा पाहुण्याला काय काय आहे ते एकदा वाचून दाखवून, हवे ते ताट टेबलावर आणून द्यायची जबाबदारी लग्नघरच्या एकाने घेतली की प्रश्न मिटतो. खानावळीत पदार्थांची यादी भावांसह वाचून दाखवणे हेही तसेच बिनखर्चाचे काम आहे. आमच्या सभासदांपैकी एक गृहस्थ केटरिंगचा व्यवसाय करतात. त्यांनी आपल्या वाढप्यांना पदार्थाचे नाव घेऊन वाढायला लावले, आणि त्याचा फायदा गप्पांत गुंग असलेल्या डोळसांनाही होतो असे त्यांचे म्हणणे आहे.

कार्यक्रमानंतर आठवड्याभराने मार्गदर्शकांना फोन करून काय खटकले ते विचारावे. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणा म्हणून कोणी तक्रार करत नाही. तिसऱ्या कार्यक्रमानंतर मी असा फोन केला तेव्हा गुरुजी म्हणाले की सगळे उत्तम झाले, फक्त त्यांच्या टेबलावरचा मुलगा प्रत्येक वाढणीला मीठ कोठे आहे ते नव्याने सांगत होता. "पहिल्यांदा सांगितले ते बरे केले," ते म्हणाले, "पण मीठ काही मध्येच उठून बाहेर जात नाही."